आणलं, फेकलं, धुतलं

माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर १३ वह्या आहेत. २०१२ पासून दरवर्षी एक. चालू वर्षाची चौदावी वही स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी असते, त्यामुळे तिच्या पानांवर हळदीची बोटं उमटलेली आहेत. घरखर्चाच्या या वह्यांत पहिली दोन वर्षं एकच रकाना होता, ‘आणलं’. मग ‘फेकलं’ आला. ‘धुतलं’ हा तिसरा रकाना यायला आणखी साडेतीन वर्षं गेली. त्या तिसऱ्या रकान्याबद्दल सांगावं म्हणूनच मी हे लिहायला बसले आहे, पण त्याआधीचे दोन सांगितल्याशिवाय तो कळणार नाही.

२०१२ मध्ये नवऱ्याच्या कारखान्यातलं काम घटलं. तीन पाळ्यांची एक पाळी झाली. पगार आधी उशिरा आणि मग अर्धा येऊ लागला. पुण्याच्या धायरीतल्या आमच्या घराचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला कापला जायचा. मुलगी चार वर्षांची होती. वही उघडली ती या ओढगस्तीत. पर्यावरण, कचरा, प्लास्टिक यांतलं काही तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. महिन्याच्या २० तारखेनंतर पैसे कुठे जातात ते मला बघायचं होतं, एवढंच.

मोठे खर्च सगळ्यांना दिसतात. हप्ता, शाळेची फी, गॅस, किराणा यांवर आम्ही रोज बोलतच होतो. वहीने मला दाखवल्या त्या बारीक नोंदी, ज्या दर महिन्याला तशाच्या तशा पुन्हा येत होत्या. कचऱ्याच्या पिशव्या ५५ रुपये. डब्यासाठी फॉइल ६०. पेपर नॅपकिन ४०. घासण्या आणि स्पंज ४५. सॅनिटरी पॅड ९०. बेरीज २९०. वर्षाचे जवळजवळ साडेतीन हजार. या सगळ्या वस्तूंत एक साम्य होतं. त्या ज्या महिन्यात घरात यायच्या त्याच महिन्यात घरातून बाहेर जायच्या. आम्ही त्या वापरायला नाही, टाकायलाच विकत आणत होतो.

यातलं काहीच माझ्या आईच्या घरात नव्हतं. वाईजवळच्या आमच्या गावी पोळ्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायच्या. फडक्यात वाफ जिरते आणि पोळी मऊ राहते. फॉइलमध्ये तीच वाफ कोंडते आणि खालची पोळी ओलसर होते. भांडी नारळाच्या शेंडीने घासायची. परसात घोसाळ्याचा वेल असायचा. त्यावर चार घोसाळी मुद्दाम जून होऊ द्यायची, वाळली की सोलून त्यांची जाळी अंघोळीला आणि भांड्यांना वापरायची. जुन्या साड्यांची गोधडी व्हायची, गोधडीची पायपुसणी, आणि पायपुसण्याचं शेवटी चुलीजवळचं फडकं. उरलेले कपडे बोहारणीला. तिच्याशी तासभर घासाघीस करून आई एक पातेलं घ्यायची, आणि ते पातेलं आज माझ्याकडे आहे. लहानपणी मला या सगळ्याची लाज वाटायची. शहरात आल्यावर फॉइल आणि पेपर नॅपकिन घेणं म्हणजे आपलं बरं चाललंय, असं मला वाटत होतं. ती समजूत सोडताना त्रास झाला. तो पैशांचा त्रास नव्हता.

एक जुनी चादर फाडून मी २४ फडकी केली, कडेने टीप मारली. ओटा पुसायला वेगळी, हात पुसायला वेगळी, पोळ्यांसाठी वेगळी. ओळखू यावीत म्हणून पोळ्यांच्या फडक्यांना लाल दोऱ्याने एक टाका घातला. कचऱ्याच्या बादलीत पिशवीऐवजी वर्तमानपत्राचा कागद घातला. ओला कचरा वेगळा ठेवला की सुक्याच्या बादलीला तोही लागत नाही. या बदलांना वेगळा खर्च जवळजवळ काही आला नाही. दुसऱ्या महिन्यात २९० चे ११० झाले.

२०१३ च्या फेब्रुवारीत मुलगा झाला. सासूबाईंनी बाळंतविड्यात माझ्या आजेसासूबाईंच्या दोन मऊसूत सुती साड्या आणल्या. त्यांची दुपटी आणि ३६ लंगोट झाले. तयार डायपर तेव्हा आम्हाला साधारण दहा रुपयांना एक पडायचा. दिवसाला पाच धरले तर महिन्याला दीड हजार. आम्ही दिवसा लंगोट आणि रात्री एक डायपर असं ठरवलं. महिन्याचा खर्च तीनशेवर आला. साबणाचे आणि गरम पाण्याचे वेगळे पैसे धरूनही महिन्याला अकराशेच्या आसपास वाचत होते. अर्ध्या पगारात अकराशे रुपये म्हणजे काय, ते ज्यांनी तो काळ काढलाय त्यांना सांगायला नको.

पण जुलैत पाऊस लागला. आमच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला पाऊस एकदा बसला की आठ-आठ दिवस ऊन नाही. घरभर दोऱ्या बांधल्या, लंगोट इस्त्रीने वाळवले, गॅसच्या वर वाळत टाकले. तरी त्यांना कुबट वास येऊ लागला आणि बाळाच्या मांडीला पुरळ उठलं. मी सरळ तीन आठवडे पूर्ण वेळ डायपर आणले. वहीत त्या महिन्यापुढे १,१४० ची नोंद आहे. ती करताना मला हरल्यासारखं वाटलं होतं. आज वाटतं, त्या महिन्यातला तो सगळ्यात बरोबर खर्च होता. ओलं फडकं आणि बाळाची कातडी यांत निवड करायची वेळ आली की वही बाजूला ठेवायची असते. हे मी तेव्हा शिकले असं मला वाटलं होतं. शिकले नव्हते, ते पुढे येईल.

‘फेकलं’ हा रकाना माझ्या आईमुळे आला. २०१४ च्या उन्हाळ्यात ती पंधरा दिवस आमच्याकडे राहिली. तिने माझ्या कचऱ्याच्या बादलीत पाहिलं आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी दोडका सोलत होते तर शिरा हातातून काढून घेतल्या, तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर परतून चटणी केली. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुधीच्या सालींची. कलिंगड आणलं तर तांबडा गर आम्ही खाल्ला आणि पांढरा भाग किसून तिने थालीपिठात घातला. तूप कढवल्यावर उरलेल्या बेरीत पोळी आणि गूळ चुरून मुलीला दिला. मुलीने तो वाटी चाटून खाल्ला. आई गेल्यावर मी वहीत उभी रेघ मारली आणि जे जे बादलीत जाईल ते महिनाभर लिहायचं ठरवलं.

पहिल्या आठवड्यात लिहिलं ते असं: अर्धी जुडी कोथिंबीर, काळी पडलेली तीन केळी, नासलेलं अर्धा लिटर दूध, वाटीभर मटकीची उसळ, नऊ पोळ्या, दोन दिवसांचा भात, पिवळी पडलेली मेथी. महिनाअखेरीस प्रत्येकापुढे अंदाजे किंमत घातली. ७४० रुपये झाले. आमचा भाजी, दूध आणि किराण्याचा खर्च तेव्हा साडेसहा हजार होता. म्हणजे दर नऊ रुपयांतला एक रुपया आम्ही शिजवून, नाहीतर न शिजवताच, फेकत होतो. फॉइल आणि नॅपकिनवरून मी दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं, आणि त्याच्या अडीचपट रक्कम माझ्या डोळ्यांसमोर बादलीत जात होती.

कारणं शोधली तेव्हा बरीचशी सवयीत सापडली. मी सकाळी १६ पोळ्या करायचे. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सासरी आल्यापासून १६ होत होत्या, तेव्हा घरात माणसं जास्त होती, माणसं कमी झाली आणि पोळ्या तेवढ्याच राहिल्या. शिवाय ‘उरल्या तर उरल्या, कमी पडायला नकोत’ हे मनात घट्ट बसलेलं. कोणी अचानक जेवायला आलं तर? त्या पूर्ण वर्षात अचानक जेवायला चारच वेळा कोणी आलं, हेही मी वहीत मोजलं. पीठ मळताना मी मोजायला लागले. कमी पडली तर दोन पोळ्या ताज्या लाटायला पाच मिनिटं लागतात.

रात्री मंडईत भाजी स्वस्त मिळते म्हणून मी एकदम आठवड्याची घ्यायचे. स्वस्त घेतलेल्या भाजीतली चौथाई शनिवारपर्यंत मान टाकायची. मग आठवड्यातून दोनदा, थोडी महाग पण लागेल तेवढीच घेऊ लागले. फ्रिजमध्ये मधल्या फळीचा उजवा कोपरा ‘आधी संपवायचं’ म्हणून ठरवला. त्यात काय आहे ते बघितल्याशिवाय नवीन काही चिरायचं नाही. कोथिंबीर निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात. गुरुवारी संध्याकाळी फोडणीची पोळी किंवा फोडणीचा भात, आणि ताक जास्त आंबलं असेल तर कढी. चार महिन्यांनी ‘फेकलं’ची बेरीज १३० वर आली. महिन्याला ६१० रुपये, वर्षाला सात हजारांच्या वर. लंगोटांची तात्पुरती बचत सोडली तर माझ्या १३ वह्यांतली सगळ्यात मोठी बचत ही आहे, आणि तिच्यासाठी मी एकही वस्तू विकत घेतली नाही.

हे माहीत असून मी पुढे चुकले. २०१७ च्या उन्हाळ्यात, पुण्याचा कचरा जिथे टाकला जायचा त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्यांच्या विहिरी आमच्या कचऱ्याने नासल्या होत्या आणि ते वर्षानुवर्षं सांगत होते. पुण्यात चौकाचौकांत ढीग साचले. आमच्या कोपऱ्यावरचा ढीग बघताना मला पहिल्यांदा कळलं की माझ्या वहीतल्या ‘फेकलं’ला एक पत्ता आहे आणि त्या पत्त्यावर माणसं राहतात. तोपर्यंत वही माझ्या घरापुरती होती. तेव्हापासून मी हे केवळ पैशांसाठी करत नाही.

त्या भरात मी खरेदी केली. तोपर्यंत नवऱ्याला दुसरीकडे बरी नोकरी लागली होती, मलाही एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर काम मिळालं होतं, हातात चार पैसे होते. बांबूचे टूथब्रश, स्टीलच्या नळ्या, मेणकापड, सिलिकॉनची झाकणं, भाजीच्या जाळीदार पिशव्या, काचेच्या १२ बरण्या. वर्षभरात ६,८४० रुपये. पुण्याच्या पावसाळ्यात बांबूच्या ब्रशांच्या दांड्यांना बुरशी धरली. मेणकापडात गरम पोळी ठेवली तर मेण पाघळलं. आमच्याकडे डबा गरम पोळीचाच भरतात. नळ्या कोणी वापरल्या नाहीत. बरण्या रांगेत छान दिसल्या, पण त्यांना जागा करायला मी धड असलेले प्लास्टिकचे डबे काढून टाकले, म्हणजे कचरा मीच वाढवला. लग्नातले स्टीलचे डबे माळ्यावर पडून होते ते वेगळंच. या खरेदीतलं आज घरात काय आहे? आठ बरण्या आणि जाळीच्या दोन पिशव्या.

म्हणून मी कोणी विचारलं तर सांगते की घरातली वस्तू झिजेपर्यंत वापरायची, मग तिची जागा घ्यायला घरातच काही आहे का ते बघायचं आणि तेही नसेल तर दुकानात जायचं. प्लास्टिकचा डबा घरात आहे तोवर तोच सगळ्यात स्वस्त.

पिशव्यांचंही असंच. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली. २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या वेळी ५,००० रुपये. आठवडाभर सगळ्यांच्या हातात पिशव्या दिसल्या. बऱ्याच जणांनी कापडासारख्या दिसणाऱ्या, न विणलेल्या पिशव्या घेतल्या. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. चार महिन्यांत त्यांचा भुगा होऊन घरभर सांडतो. मी मांजरपाटाच्या जुन्या अभऱ्यांच्या सहा पिशव्या शिवल्या होत्या. त्यांतली एक पर्समध्ये, एक नवऱ्याच्या गाडीच्या डिकीत, बाकीच्या दाराच्या खुंटीवर. पहिल्या वर्षी पिशवी हमखास घरी राहायची. खुंटी दाराच्या आतल्या बाजूला, चपला घालताना समोर येईल अशी ठोकली, तेव्हापासून विसर पडत नाही. त्या सहांतल्या चार अजून चालू आहेत.

आता त्या तिसऱ्या रकान्याची गोष्ट. मी दवाखान्यात जाऊ लागल्यावर, २०१५ च्या मध्यावर, धुण्या-भांड्याला एक बाई येऊ लागल्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, वस्तीतून चालत येणाऱ्या, पाच घरं करणाऱ्या. २०१७ ची दिवाळी झाली आणि एका सकाळी हात पुसत त्या म्हणाल्या, “ताई, तुमच्याकडं कचरा कमी झाला खरा, पण माझं धुणं वाढलं. आधी दोन बादल्या होत्या, आता तीन होतात. ती फडकी तेलकट असतात, घासायला लागतात. पैसे मात्र तेवढेच.”

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी जे होतं ते सांगितलं. त्या कामाला निघून गेल्यावर मी दोरीवरची फडकी मोजली. १९ होती. ओट्याची, हाताची, पोळ्यांची, जमीन पुसायची. पेपर नॅपकिनचे ४० रुपये मी वाचवले होते आणि त्यांची रोजची वीस मिनिटं घेतली होती. वीस मिनिटं म्हणजे महिन्याचे दहा तास. माझ्या वहीत त्या दहा तासांची कुठेच नोंद नव्हती. मी मैत्रिणींना बेरजा दाखवत होते आणि त्या बेरजांतला मोठा भाग एका कष्टकरी बाईच्या मनगटांतून आला होता.

त्या रात्री घरात हे बोलणं झालं. त्यांचे महिन्याला ३०० रुपये वाढवले, ते सोपं होतं. पण तेवढ्यावर भागवणं बरोबर नव्हतं. फडकी घरच्यांनीच धुवायची असं ठरलं. ज्याने त्याने आपलं हातपुसणं अंघोळीच्या वेळी धुवायचं. ओट्याची फडकी रात्री नवऱ्याने सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायची आणि सकाळी पिळून टाकायची. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची आणि मुलगा पाचला टेकलेला. डबा आणि पाण्याची बाटली आल्या आल्या विसळून ठेवणं त्यांच्याकडे. आणि मी वहीत तिसरा रकाना आखला. ‘धुतलं’. त्यात आठवड्याला एकदा लिहायचं की काय काय धुतलं गेलं आणि कोणी.

त्या रकान्याने बऱ्याच गोष्टी बदलल्या. जे धुवायला कोणी तयार नव्हतं ते बदल आपोआप गळाले. फडकी २४ ची १० झाली, कारण स्वतःला धुवायची असली की माणूस एकच फडकं नीट वापरतो. फ्रिजच्या ट्रेमध्ये घातलेली कापडं, ताटाखालची कापडं, हे सगळं गेलं. घरातल्या पुरुषांच्या हातून फडकं धुतलं जातं का, हे विचारल्याशिवाय या विषयावर बोलू नये असं माझं ठाम मत झालं आहे. पूर्वीच्या घरांत काही वाया जात नव्हतं, असं आपण अभिमानाने सांगतो. ते खरं आहे. पण ते ज्यांच्या हातांमुळे वाया जात नव्हतं त्या बायका पहाटे चारला उठत होत्या आणि सगळ्यांच्या शेवटी जेवत होत्या. माझ्या आईची गोधडी मला प्रिय आहे. तिच्या बोटांना दाभण टोचून पडलेले घट्टेही मला आठवतात.

‘धुतलं’ म्हटलं की पाळीचं कापडही आलं. त्याबद्दल आमच्या पिढीच्या मनात भीती आहे आणि तिला कारण आहे. आमच्याकडे ती कापडं कोणाला दिसू नयेत म्हणून न्हाणीघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्यांखाली वाळत घालत. ती पूर्ण वाळायची नाहीत आणि त्यातून बायकांना त्रास व्हायचे. दोष कापडाचा नव्हता, लपवण्याचा होता. मी २०१७ मध्ये ३५० रुपयांचा पाळीचा कप घेतला. पहिले तीन महिने जमला नाही, दोनदा सोडून द्यावासा वाटला, चौथ्या महिन्यापासून जमला. दर बारा तासांच्या आत रिकामा करायचा, पाळी संपली की उकळून ठेवायचा. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये काढून टाकला, तो त्याआधी १२ टक्के होता. पण तोवर माझा तो खर्चच थांबला होता. मुलीला कप नको होता. तिच्यावर मी तो लादला नाही. ती घरी असताना कापडी पॅड वापरते आणि कॉलेजला जाताना विकतचे. तिची कापडं गॅलरीत पहिल्या दोरीवर, कडक उन्हात वाळतात. तिचे वडील पाऊस आला की बाकीच्या कपड्यांबरोबर तीही काढतात. आमच्या घरातला हा बदल मला पैशांपेक्षा मोठा वाटतो.

विकतचे पॅड ती कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून टाकते. ते आम्हाला कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी शिकवलं. पुण्यात घरोघरचा कचरा ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था गोळा करते; १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या संघटनेतून ती निघाली. ठिपका नसेल तर या बायकांना ते पुडकं हाताने उघडून बघावं लागतं. त्या ताईंनीच मला सांगितलं की दुधाची पिशवी धुऊन वाळवून दिली तर तिचे पैसे येतात, तेलकट असली तर कोणी घेत नाही. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना काहीच भाव नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, कारण तो बारीक तुकडा वेचता येत नाही. या गोष्टींनी माझा एक रुपयाही वाचत नाही. त्यांना चार पैसे मिळतात.

काही गोष्टींनी पैसे वाचत नाहीत हे सांगायलाच हवं, नाहीतर लोक निराश होऊन सगळंच सोडतात. ओल्या कचऱ्याचं खत गॅलरीत करते, त्याला सहा वर्षं झाली. पहिल्या टोपलीत पाणी जास्त झालं, अळ्या पडल्या, शेजारच्यांनी तक्रार केली. मग वाळका पाला निम्म्याहून जास्त घालायला शिकले, आंबट ताक आणि गुळाच्या पाण्याचं विरजण लावायला शिकले. आता दीड-दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत तयार होतं. कढीपत्ता, गवती चहा आणि घोसाळ्याचा वेल त्यावर पोसला जातो. पैशांत मोजलं तर वर्षाला फार तर पाचशे रुपये. लिंबा-संत्र्याच्या सालींचं बायोएन्झाइम, म्हणजे एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी आणि तीन महिने मुरवणं, मी दोन वर्षं केलं. पहिल्या महिन्यात रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्यावा लागतो; एकदा राहिलं आणि रात्री बाटली फुटली. फरशी पुसायला ते चांगलं आहे. तेलकट कढईला चालत नाही. रिठ्याचं पाणी रंगीत कपड्यांना उत्तम, पांढरे मात्र मळकट होत जातात. शाळेचे शर्ट मी साबणानेच धुते.

एक प्रसंग लिहायचा टाळत होते. २०१९ मध्ये सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, त्या सात महिने अंथरुणात होत्या. मोठ्यांचे डायपर तेव्हा ४० रुपयांना एक, दिवसाला तीन, महिन्याला ३,६०० रुपये. मला वाटलं, मुलाच्या वेळी जमलं तर आता का जमणार नाही? जुन्या साड्यांचे जाड पदर घातले, खाली रबरी कापड. दर दोन तासांनी बदलायचं ठरवलं, पण रात्री डोळा लागायचा. त्या मला उठवायच्या नाहीत. ओल्यातच पडून राहायच्या. तीन आठवड्यांनी माकडहाडाजवळ कातडी लाल झाली, मग सोललीच. घरी येणाऱ्या परिचारिकेने जखम बघितली आणि म्हणाली, “यांना कोरडं ठेवा, बाकी काही बघू नका.” त्याच दिवशी नवऱ्याने डायपर आणले. जखम भरायला दोन महिने लागले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मी मात्र त्या तीन आठवड्यांचं पान अजून उघडत नाही. बाळाच्या पुरळाने सहा वर्षांपूर्वी मला हेच सांगितलं होतं. आजारी माणूस, तान्हं मूल, बाळंतीण यांच्याबाबत मी आता बचतीचा विचार करत नाही, आणि दुसऱ्या कोणाला करू देत नाही.

कारखान्यातला तो अर्ध्या पगाराचा काळ केव्हाच सरला. आता आम्हाला हे करायची गरज नाही असं नवऱ्याचे मित्र म्हणतात. गेल्या वर्षीच्या वहीत शेवटच्या पानावर मी हिशेब मांडला. अन्न न फेकल्याचे, टाकाऊ वस्तू न आणल्याचे, प्रवासात पाण्याच्या बाटल्या विकत न घेतल्याचे, गहू आणून दळण करून घेतल्याचे, सगळे मिळून आजच्या भावाने १९,००० रुपयांच्या आसपास होतात. त्यांतले ४,८०० रुपये धुण्या-भांड्याच्या बाईंना दिवाळीच्या बोनसव्यतिरिक्त वर्षभरात गेले. त्याच बाई अजून येतात. त्यांच्या घरी नातवंड झालं तेव्हा मी सुती साडीची २० दुपटी शिवून दिली आणि सोबत डायपरची दोन पाकिटंही दिली, पावसाळा होता म्हणून.

तुम्ही अशी वही सुरू करणार असाल तर पहिले तीन महिने काहीही नवीन विकत आणू नका, फक्त काय फेकलं ते लिहा. आणि तुमच्या घरचं धुणं-भांडं दुसरं कोणी करत असेल तर पहिलं फडकं बादलीत टाकायच्या आधी त्यांच्याशी बोला. मी दोन वर्षं उशीर केला.